कागदी पेला

आयोवातल्या आमच्या लहानशा चर्च-कॉलेजचे अध्यक्ष रेव्हरंड राजाराम आढाव यांच्याविरुद्ध विश्वस्तांकडे तीन पानी तक्रार मी केली होती. त्यांच्याविषयी लिहायचे तर हे आधी सांगितले पाहिजे.

आढाव नगर जिल्ह्यातले. त्यांच्या गावच्या हॉटेलात त्यांच्या वडिलांसाठी कान तुटलेला कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. चहा पिऊन तो ज्याचा त्याने धुवायचा. मुलगा मिशनच्या शाळेत शिकला, धर्मशास्त्रासाठी अमेरिकेत आला, चौदा वर्षे मक्याच्या शेतांमधल्या एका चर्चचा पाळक होता. १९८१ मध्ये तो आमचा अध्यक्ष झाला. मी तिथे रसायनशास्त्र शिकवीत होतो.

पुढच्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीला ते सपत्नीक आले. सर्वांना मसाला दूध स्टीलच्या पेल्यांतून दिले. आढाव आणि पद्मिनीबाईंना कागदी पेल्यांतून. ते पेले आदल्या दिवशी मीच पत्नीला, मृणालिनीला, आणायला सांगितले होते.

“काय मृणालिनीवहिनी,” आढाव म्हणाले, “प्रेसिडेंट झालो, तरी पेल्याचं प्रमोशन नाहीच का?”

सगळे हसले. मीही हसलो.

१९८४ मध्ये माझ्या कायम नेमणुकीचा प्रश्न आला. समितीत तीन-तीन मते पडली. निर्णायक मत अध्यक्षांचे. आणि ते उठून बाहेर गेले. नेमणूक बारगळली, म्हणजे नियमाप्रमाणे नोकरीही गेली. आपला माणूस खुर्चीवर असताना! मी संतापून तक्रार लिहिली : ‘अध्यक्षांनी जुना राग काढला.’

चौकशीत आधी समितीचे इतिवृत्त वाचले गेले. बाहेर जाताना आढाव म्हणाले होते, “हे प्राध्यापक माझ्या माणसांपैकी आहेत. मी मत देणं योग्य नाही.”

मग विश्वस्तांच्या प्रमुखांनी मला विचारले, “अध्यक्षांचा जुना राग कशाबद्दल?”

आढाव समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. उत्तर द्यायचे तर तो पेला सांगावा लागणार होता. मी तक्रार मागे घेतली.

नियमावर बोट ठेवून त्यांनी माझी नोकरी घालवली, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. परंतु त्या माणसाने मला आपल्या माणसांत धरले होते, आणि मी त्याला माझ्या घरातल्या भांड्यांतही धरले नव्हते.

गाव सोडण्यापूर्वी एका रविवारी दुपारी क्षमा मागायला गेलो. पद्मिनीबाईंनी चांगल्या चिनी मातीच्या कपातून चहा दिला. विषय हवापाण्याचा निघाला, वेस्ट विंडसरमधल्या माझ्या नव्या नोकरीचा निघाला. क्षमेचा शब्द काही निघेना. शेवटी रिकामा कप घेऊन मी उठलो आणि तो धुवायला सिंककडे वळलो.

“राहू द्या,” आढाव हलकेच म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. “आमच्याकडे पाहुण्यानं कप धुवायचा नसतो.”