सुई टोचल्यावर लेकरू कुणाकडं बघतं?

डॉ. शैलजाताईंच्या कोल्हापुरातल्या दवाखान्यात मी शिकायला गेले, त्या पहिल्याच दिवशी एका बाळाला लस देणं चाललं होतं. मी वजनाचा तक्ता भरण्यात दंग. "अगं ए शहाणे, कागद कुठं पळून चाललाय?" ताई कडाडल्या. "लेकराकडं बघ. सुई टोचली की ते आईला शोधतंय का, ते बघ!" आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, उचगावात माझा स्वतःचा दवाखाना आहे, आणि तो ओरडा खाल्ल्याचा मला अभिमान आहे.

दुखलं तरी लेकराची नजर आईला शोधत नसेल, तर ती स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, खूण असू शकते. पण ती ओळखणं हे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांचं काम, असं आम्ही समजत होतो. ताई विचारत, "त्यांच्याकडं पाठवायचं कुणी? लशीला, सर्दीतापाला मूल आधी आपल्याकडंच येतं ना?" 'बोलेल हळूहळू' हे वाक्य उच्चारायची त्यांच्या दवाखान्यात कुणाची छाती नव्हती.

जयसिंगपूरच्या एका व्यापारी घरातला बसू नावाचा मुलगा दोन वर्षांचा होता. हाकेला वळून बघायचा नाही, बोट दाखवून काही मागायचा नाही. ताईंनी त्याचे कान तपासून घेतले, पुन्हा बोलावून पाहिलं आणि मगच शंका स्पष्ट बोलून दाखवली. त्याचे आजोबा, घरचे अज्जा, भडकलेच. "ह्याचा बा बी उशिरानंच बोललाय की! चांगल्या पोराला येडं ठरवतायसा व्हय?" नातवाला खांद्यावर टाकून ते तरातरा निघून गेले. मागून जाणारी सून रडत होती.

दुसऱ्या कुणीही हात झटकले असते. ताईंना मात्र चैन पडेना. या वयात वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. रविवारी मला घेऊन त्या थेट अज्जांच्या दुकानात पोहोचल्या. आजाराचा विषयच काढला नाही. बसू डब्यांची झाकणं ओळीनं मांडत होता, त्याच्याशेजारी फरशीवर बसून ताई एकेक झाकण पुढं करत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यानं झाकणासाठी हात पसरला आणि क्षणभर ताईंच्या तोंडाकडं बघितलं.

अज्जा गल्ल्यावरून उठले. "माझ्याकडं असं कवा बघितलं न्हाय त्यानं," एवढंच ते बोलले.

"येडा नाही तुमचा नातू, अज्जा," ताई म्हणाल्या. "त्याला शिकवायची रीत वेगळी लागते. उशीर तेवढा करू नका."

दुसऱ्या दिवशी सगळं घर दवाखान्यात हजर! ताईंनी त्यांना तज्ज्ञांकडे धाडलं, उपचार सुरू झाले. बसू आता शाळेत जातो. बोलतो मोजकंच, पण नको ते ठणकावून नाकारतो.

गेल्या महिन्यात मी ताईंना भेटायला गेले, तर अज्जा तिथं! सोबत शेजारचं जोडपं आणि त्यांची लहानगी. आईबाप दारातच घुटमळत होते. अज्जांनीच त्यांना आत ढकललं. "बाई, हाक मारली तर बघत न्हाय ही पोरगी. म्हटलं, चला, आधी दाखवूया."

ताई पोरीशी खेळू लागल्या, तसे अज्जा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "देवानं ह्या बाईंना धडधाकट ठेवावं, लई वर्सं ठेवावं. अजून लई लेकरं आणायची हाईत मला."

आम्हा शिष्यांचं मागणं याहून वेगळं काय असणार!