टॉवेलात बांधलेला देव

शिवपुत्र हवालदार मासे धरायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. एवढ्या एका गोष्टीवरून माकणीच्या आसपास त्याची जेवढी टिंगल झाली, तेवढी मांडवातून पळालेल्या नवरदेवाचीही झाली नसेल. खाणाऱ्यांना वाटायचं माणूस येडा आहे. न खाणाऱ्यांना वाटायचं माणूस बाटला. लिंगायताच्या घरातला थोरला मुलगा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, ज्या उंबऱ्याच्या आत कधी अंड्याचं टरफल आलं नाही त्या घरातला, आणि ह्याच्या हातात गळ! पारावरचे रिकामटेकडे विचारायचे, "काय हवालदार, आज किती माशांना आंघोळ घातली?" हवालदार हसायचा नाही, चिडायचाही नाही. "दोघांना," म्हणायचा आणि चालू लागायचा.

हा नाद त्याला पलटणीत लागला. हिमाचलात एका मेजरसाहेबांच्या दिमतीला होता तेव्हा साहेब सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन नदीवर जायचे. साहेबांची काठी वेताच्या फोकासारखी वाकायची, दोरी जाड आणि पिवळी, आणि गळाला ना गांडूळ ना कणकेची गोळी. गळाला पिसं बांधलेली असायची. पिसाचा किडा करायचा, तो पाण्यावर हलकेच टाकायचा, माशाला खरा वाटला पाहिजे. मासा लागला की साहेब हात ओला करून त्याला धरायचे, गळ काढायचे आणि सोडून द्यायचे. शिवपुत्रच्या मनात ते जाऊन बसलं. मारायचं नाही, खायचं नाही, नुसतं गाठायचं. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली जुनी काठी त्याच्या हाती दिली. पेन्शनीवर गावी आला तो ट्रंक, वळकटी आणि ती काठी घेऊन.

गावी त्याच्या बापाची, बसप्पाची, चांगली काळी जमीन धरणात गेलेली. उन्हाळ्यात पाणी हटलं की तिच्यातला एक पट्टा उघडा पडायचा. तिथं ज्वारी व्हायची, काढली की धसकटं राहायची, मग गवत माजायचं. आणि भाद्रपदात धरण भरायला लागलं की पाणी सावकाश त्या गवतात चढायचं. गुडघाभर, कुठं मांडीभर. त्या उथळ पाण्यात सिप्रनस जातीचे मासे यायचे, तांबूस, दांडगे, रुंद पाठीचे. गांडुळं आणि किडे उकरायला तोंड चिखलात खुपसायचे आणि मग त्यांच्या शेपट्या पाण्याबाहेर यायच्या. सकाळच्या उन्हात त्या तांबड्या शेपट्या गवतात हलताना दिसल्या की शिवपुत्रच्या छातीत धडधडायचं. साठी उलटलेला माणूस, पण तिथं पाय टाकताना चिखलाचा आवाज होऊ द्यायचा नाही. पाऊल खाली, थांब, पाऊल खाली, थांब. मग काठी डोक्यावरून मागं, दोरी मागं सरळ होऊ द्यायची, मग पुढं. पिसाचा किडा शेपटीच्या हातभर पुढं पडला पाहिजे. जवळ पडला तर मासा उधळला, लांब पडला तर त्याला पत्ताच नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा त्यानं कानशीनं घासून टाकलेला असायचा, माशाला निघताना त्रास नको म्हणून.

ह्या सगळ्याला त्याच्या बायकोची, महानंदाची, परवानगी नव्हती, पण तह होता. काठी गोठ्यात ठेवायची, घरात आणायची नाही. आल्यावर न्हाणीत आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि तिच्यासमोर माशाचं नाव काढायचं नाही. महानंदा बाई सरळ, पण हट्टाची. तिला साखरेचा आजार, सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी, जेवणाची वेळ चुकवायची नाही असं उमरग्याच्या डॉक्टरनं बजावलेलं. शिवपुत्र पाण्यावरून उशिरा आला तर ती न जेवता बसायची, म्हणून तो कधी उशीर करायचा नाही.

पण एक गोष्ट त्यानं तिलाही सांगितली नव्हती. लिंग अंगावरून काढायचं नसतं. झोपताना नाही, आजारपणात नाही, मेल्यावरसुद्धा ते बरोबरच जातं. आणि गळ्यात देव लटकत असताना वाकून माशाच्या तोंडातला गळ काढायचा, हे त्याला सोसत नव्हतं. छातीवर देव आणि त्याच्यासमोर ते तडफडणारं जित्राब. मग त्यानं आपल्यापुरती वाट काढली. पाण्यात उतरायच्या आधी लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट गळ्यातून काढायची आणि डोक्याला बांधायच्या टॉवेलात घट्ट गाठ मारून ठेवायची. अंगावरून देव गेला नाही, उलट गळ्यातून डोक्यावर चढला, आणि त्याला दिसतही नाही. काय म्हणावं ह्या माणसाला! पलटणीत बंदूक चालवलेला गडी आणि देवापुढं टॉवेलाचा पडदा धरतोय. पण मनापासून धरत होता, हेही खरं.

त्या दिवशी वारं होतं. वरच्या भागात पाऊस झालेला, पाणी चढतीला लागलेलं. गवतात शेपटी दिसली ती अशी, की शिवपुत्रनं जन्मात तेवढी पाहिली नव्हती. तो तसाच थांबला. काठी मागं नेली, दोरी मागं गेली, आणि पुढं फेकताना वाऱ्यानं दोरी खाली दाबली. डोक्याला हिसका बसला. गळ टॉवेलाच्या पदरात अडकला होता. टॉवेल डोक्यावरून उडाला, फरफटत पुढं गेला आणि पाण्यावर पसरला. त्यानं झेप घेऊन तो उचलला. गाठ सुटलेली. टॉवेल रिकामा.

मोठा मासा कधी गेला ते त्याला कळलंही नाही. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी चिखल चाळायला लागला. काळ्या रानाचा चिखल तो, हात कोपरापर्यंत आत जातो आणि वर येतो तेव्हा आधी होता तसाच सपाट. गवताची मुळं, धसकटं, गोगलगाई. उन्हं डोक्यावर आली, कलली, तरी तो चाळतच होता. तिकडून थर्माकोलच्या तराफ्यावर बब्रुवान भोई जाळं ओढत येत होता. त्यानं विचारलं, "काय हरवलं हवालदार?" शिवपुत्रनं सांगितलं तसं बब्रुवाननं जाळं तराफ्यावर ओढून घेतलं. तराफा गवतात लावला आणि तोही पाण्यात उतरून पायानं चाचपायला लागला.

संध्याकाळी शिवपुत्र घरी गेला तो आंघोळ करून ओसरीतच बसला. महानंदानं त्याचा उघडा गळा पाहिला आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"कुठं गेलं?"

"पाण्यात."

"दोरा तुटला?"

तो टॉवेल पिळत राहिला. तिनं ते होय समजून घेतलं. "तुमच्या ह्या नादापायी माझ्या घरातला देव पाण्यात गेला," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली.

शिवपुत्रनं ताट बाजूला सारलं. बसप्पाचं लिंग एकदा विहिरीत पडलं होतं. विहीर उपसून ते हाती लागेपर्यंत बसप्पानं पाण्याचा घोट घेतला नव्हता, विहिरीच्या काठावर नुसता बसून होता. शिवपुत्र तेव्हा पोरसवदा होता, बापाचे सुकलेले ओठ त्यानं पाहिले होते. ह्या घरात लिंग गेलं तर तोंडाला कुलूप, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. महानंदानं घरच्या गुरूंना, मठातल्या स्वामींना, फोन लावून दिला. स्वामी भले माणूस. म्हणाले, "शिवपुत्र, जीवाला तरास करून घेऊ नको. म्या दोन दिसांत येतो, दुसरं लिंग बांधतो. तवर दूध-फळ घे." शिवपुत्र म्हणाला, "व्हय स्वामी," आणि काही घेतलं नाही. महानंदानंही आपलं ताट झाकून ठेवलं.

"तू जेव," तो म्हणाला. "तुझी गोळी हाय."

"तुमी जेवल्याबिगर म्या कधी जेवले का?"

सकाळी तो पाण्यावर गेला तेव्हा कालचं गुडघाभर पाणी मांडीच्या वर आलेलं. बब्रुवान आधीच तिथं होता. दोघं शोधू लागले. थोड्या वेळानं बांधावर कुणीतरी आल्याचं शिवपुत्रनं पाहिलं. लुगड्याचा ओचा खोचलेली महानंदा. लग्न होऊन आल्यापासून ह्या पाण्याकडं तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. ती पाण्यात उतरली आणि पायानं चिखल चाचपू लागली.

तिचे पांढरे, भेगाळलेले पाय त्या चिखलात जाताना पाहून शिवपुत्रच्यानं राहवलं नाही. "महानंदा," तो म्हणाला, "दोरा तुटला न्हाय. गळ्यात नव्हतंच ते. म्या टॉवेलात बांधलं होतं."

ती थांबली. "कशापायी?"

"मासा धरताना देवाला दिसू नये म्हणून."

"अन् हे कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

बब्रुवाननं मान दुसरीकडं वळवली. "टॉवेलातनं देवाला दिसत न्हाय व्हय?" ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "मला सांगितलं असतं तर म्या काय म्हणले असते? वरडले असते. चार दिस बोलले नसते. ह्यापेक्षा जास्त काय करणार होते म्या? देवापासनं लपवलं, बायकूपासनं लपवलं, अन् त्या मुक्या माशांपुढं तेवढं उघडं!" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला तिनं हात वर नेला आणि हात तिथंच थरथरायला लागला. कपाळावर घाम डवरला. वारं थंड होतं आणि घाम तिच्या मानेवरून खाली ओघळत होता.

"सकाळची गोळी घेतलीस का?" शिवपुत्रनं विचारलं.

"घेतली."

"अन् खाल्लंस काय?"

तिनं नजर पाण्याकडं वळवली. उपाशीपोटी गोळी घेतली की साखर एकदम उतरते, ते शिवपुत्रनं एकदा पाहिलं होतं. त्यानं तिला काखेत धरलं, बब्रुवाननं दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी तिला बांधावर आणून बसवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, शब्द जड येत होते. गाव लांब. बब्रुवान तराफ्याकडं धावला आणि आपलं फडकं घेऊन आला. सोडलं, तर भाकरी, तिच्यावर माशाचं कालवण सांडलेलं, आणि एका कोपऱ्यात गुळाचा खडा. तो ओशाळला. "हवालदार, हे आमच्या घरचं हाय. गुळालाबी कालवण लागलंय."

शिवपुत्रनं खडा घेतला, टॉवेलानं पुसला आणि महानंदाच्या ओठांशी नेला. तिनं तोंड घट्ट मिटलं.

"खा गं. पाया पडतो तुझ्या."

तिनं मान हलवली. "तुमी... आधी."

"म्या न्हाय खाऊ शकत, तुला ठाऊक हाय."

"मग म्याबी न्हाय."

तिची मान एका बाजूला कलत होती आणि तरी ओठ मिटलेलेच. ह्या बाईचा हट्ट त्याला आयुष्यभर ठाऊक होता. त्यानं एकदा पाण्याकडं पाहिलं. गवताची टोकं तेवढी वर राहिली होती, उद्या तीही दिसणार नव्हती. बापाचे सुकलेले ओठ त्याच्या डोळ्यांपुढं आले. मग त्यानं बब्रुवानच्या हातातली भाकरी घेतली, तिचा तुकडा मोडला आणि गुळाच्या कणाबरोबर तोंडात घातला. आयुष्यात पहिल्यांदा माशाची चव त्याच्या जिभेला लागली. घशाशी आलं. त्यानं ते गिळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो तिच्या समोर तोंड उघडून दाखवत होता, लहान लेकराला दाखवतात तसं. "बघ. खाल्लं. खाल्लं म्या. आता तू खा."

महानंदानं तोंड उघडलं. त्यानं गूळ तिच्या जिभेवर ठेवला, वरून भाकरीचा तुकडा चुरून भरवला. ती चघळत राहिली. बब्रुवाननं तिच्या तळपायांचा चिखल पुसून ते चोळायला घेतले. हळूहळू तिच्या हाताची थरथर कमी झाली, ओठांना रंग आला.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. मग त्याच्या हनुवटीला लागलेलं कालवण तिनं आपल्या पदरानं पुसलं.

बब्रुवान उठला. "हवालदार, तुमी वैनीला घिऊन बसा. म्या एकदा खालच्या अंगाला बघतो. पाणी वाढायच्या आत घावलं तर घावलं."

शिवपुत्रनं महानंदाला उभं केलं, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "नगं बब्रुवान," तो म्हणाला. "देव पाण्यात राहील. हिला घरी न्यायची हाय."