प्रश्नाला उभं राहायचं

कळव्यात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर बालवर्ग भरतो. तिथल्या बाईंचा नियम असा, की नुसतं सांगितलं तर हाताची घडी, आणि प्रश्न विचारला तर उभं राहून उत्तर. जिन्यात त्या मलाही "जेवलात?" विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडत नाहीत.

एकदा मी नातीला सोडायला गेलेलो, तेव्हा चेअरमन वर्गात आले. "या खोलीत आता जिम होणार," म्हणाले. मुलं घडी घालून गप्प. बाईही गप्प, मला त्यांचा रागच आला. मग चेअरमन लाडात म्हणाले, "काय पोरांनो, करायची ना जिम?"

अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. "नाही!"

बाईंनी भुवई उचलली. "अजून काही विचारायचंय, साहेब?"

चेअरमननी नकळत हाताची घडी घातली. जिम आता गच्चीवर आहे.