साडीने झाकलेली झोळी

डहाणू रोडला कॉलेजसाठी बसमधून उतरले, की एका दुकानाबाहेर सुकत घातलेल्या चिकूच्या फोडींचा गोडसर वास येतो आणि मला तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार आठवते. मी प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. घरात एवढं शिकणारी मी पहिलीच, म्हणून मला कुणी काम सांगत नसे. त्या दिवशी मात्र वाडीत कामाला जाताना वहिनी म्हणाली, "बाय, पोरीकडं बघ. मधेमधे पाणी पाज." तिची दहा महिन्यांची मुलगी झोळीत झोपली होती. अंगणात आम्हीही चिकू वाळत घातले होते, त्यामुळे पत्र्याच्या त्या घरात माश्याच माश्या. त्या तिच्या तोंडावर बसू नयेत म्हणून मी वहिनीची साडी दुहेरी करून झोळीवर टाकली आणि कडा नीट खोचल्या. मुलगी रडली नाही, याचं मला बरंच वाटलं. दोन धडे वाचून झाले. वहिनीने येऊन साडी उचलली, तर मुलगी लालबुंद, मान टाकलेली. "अगं, किती वेळ झाकलंस हिला?" शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंनी तिचे कपडे काढले, ओल्या फडक्याने अंग पुसत तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती दूध प्यायली. विचारणाऱ्यांना वहिनी सांगायची, ऊन लागलं. माझं नाव तिने कधीच घेतलं नाही. मुलगी आता चांगली धावते. पण वहिनी कामाला निघाली, की भर उन्हातही तिला सोबत नेते. "राहू दे ना माझ्याजवळ," मी कधीतरी म्हणते. "नको बाय," ती म्हणते, "तू वाच."