खून आणि खूण

“वकिलानं नाही मारलं वं त्याले. वकील नुसता भित्रा हाये.”

मी जिन्याच्या वळणावर थांबले. आवाज वरच्या बिऱ्हाडातून येत होता. दुसऱ्या बाईने हळूच विचारलं, “मग मोलकरणीनं?”

“आता कसं बोलली! इतकी साधी बाई कुठं असते का वं? जो लय साधा वाटते, त्याच्यावर नजर ठेवत जा.”

मी तशीच दप्तरासकट खाली पळाले आणि आईला सांगितलं की वर कुणाचा तरी खून झालाय. आई विळीवर भेंडी चिरत होती. “त्यांच्याकडे रोजच होतो,” ती म्हणाली. “हात धू आणि जेवायला बस.”

वरच्या काकूंची माझी ओळख झाली ती अशी. रामदासपेठेतल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर त्या आणि काका भाड्याने राहायचे. काका रेल्वेत होते. काकू काटोलकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. गावात जेवढी शाळा होती तेवढी शिकलेल्या. त्यांच्या खाटेखाली दोन लोखंडी पेट्या होत्या आणि त्या रहस्यकथा-साहसकथांनी गच्च भरलेल्या होत्या. दागिने त्या कपाटात ठेवायच्या, पण किल्ली मात्र पेट्यांची कमरेला असायची.

ही पुस्तकं कुठून येतात हेच मला आधी रहस्य वाटायचं. काकूंचा भाऊ शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर होता. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या ट्रकवाल्यांना तो बहिणीसाठी फुटपाथवरची जुनी पुस्तकं आणायला सांगायचा. ट्रकवाल्यांना निवड काय कळणार! त्यांच्यासाठी काकूंनी एक सोपा नियम करून दिला होता: “ज्याचं कव्हर पाहून गाडी थांबवावीशी वाटते, ते आन गा.” त्यामुळे पेटीत एकदा पाककृतीचंही पुस्तक आलं. कव्हरवर मोठा सुरा होता.

जवळच्या इस्पितळातल्या सिस्टर, बँकेतले कारकून, कॉलेजची मुलं, सगळे काकूंकडे पुस्तक मागायला यायचे. काकू आधी माणसाकडे नीट बघायच्या. दिवसभर रक्त-सलाइन पाहून आलेल्या सिस्टरला त्या खुनाचं पुस्तक कधी द्यायच्या नाहीत. तिला समुद्र, जहाज, वारा. “तू आज जरा लांब जाऊन ये,” असं म्हणत पुस्तक हातात ठेवायच्या. समोरच्या घरातल्या नव्या सुनेला मात्र त्यांनी एक रहस्यकथा दिली आणि बजावलं, “सासूबाईसमोर वाचू नको. अन् वाचता वाचता त्यांच्याकडं पाहू तर अजिबातच नको.”

त्या स्वतः शेवट आधी वाचायच्या. “खुनी कोन हे मले पहिले ठाऊक पाहिजे. मग तो मेला किती गोड बोलते, हे पाहाची मजा येते.” ही चैन त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. पुस्तक देण्याआधी त्या सुई-दोरा घेऊन शेवटचं प्रकरण कच्च्या टाक्याने शिवून टाकायच्या. वाचत वाचत टाक्यापर्यंत आलं की परत त्यांच्याकडे जायचं, गुन्हा कोणी केला ते सांगायचं, मगच कात्री मिळायची. नुसतं नाव सांगून भागायचं नाही. “कोन ते तर कोनीबी सांगते. काहून केलं ते सांग.” उत्तर चुकलं तरी कात्री मिळायची, पण बोलल्याशिवाय नाही.

इथेच माझी अडचण होती. मी बोलायचीच नाही. शाळा कॉन्व्हेंटची, तिथे मराठीची भीती नव्हती, मराठी बोलल्याबद्दल मिळणाऱ्या शिक्षेची होती. घरी बाबा मराठीचे प्राध्यापक. त्यांच्यासमोर तोंड उघडलं की वाक्य दुरुस्त होऊन परत यायचं. त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं मला सोयीचं वाटायचं. बाबांनी वाढदिवसाला दिलेले निबंधसंग्रह आणि चरित्रं माझ्या कपाटात ओळीने उभी होती. मला मराठी अक्षरं जुळवत वाचावं लागायचं आणि त्या पुस्तकांत इतकं जुळवून काही घडायचंच नाही.

काकूंनी मला पहिलं पुस्तक दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे घे. समुद्र हाये, बेट हाये. अन् सुरुवातीलेच झाडावर खून हाये.”

मी ते कितीतरी दिवस वाचत होते. वादळ झालं, जहाज फुटलं, बेटावर माणसं उतरली, त्यांत एक साधासा सुतारही होता. झाडावरचा खून पहिल्याच प्रकरणात आला, पण मेलेल्याचं नाव काही लेखकाने सांगितलं नाही. मी धीर धरला. टाक्यापर्यंत आले तरी प्रेत नाही. शेवटी जिना चढून वर गेले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “सुतारानं.”

“काय केलं सुतारानं?”

“खून.”

“कोनाचा?”

“ते कळलं नाही. पण झाडावर केला.”

काकूंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पान उघडलं आणि त्या छापील शब्दाकडे बघत राहिल्या. पुस्तकात होती ती खूण. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीने केलेली, खजिन्याची वाट दाखवणारी खूण. काकूंच्या बोलण्यात ण नव्हता. त्यांचं पाणी पानी आणि लोणी लोनी. मला तर न आणि ण दोन्ही सारखेच परके. त्या इतक्या हसल्या की खाटेवर बसून त्यांना डोळे पुसावे लागले. “म्हंजे माह्या जिभेनंच केला वं हा खून!”

मला रडू येणार होतं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मला शेजारी बसवलं. “पोट्टे, तू बिनमुडद्याचं पुस्तक मुडदा शोधत पुरं वाचलं. असा वाचनारा माह्याकडं आजवर आला नाही.” माझ्या चुकीचं कोणी कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यानंतर शाळा सुटली की मी बाबांच्या नकळत वर जाऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. त्या भाकरी थापत ऐकायच्या. अडलं की थांबायच्या, दुरुस्त करायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, “मग काय झालं?” त्या प्रश्नाने मला जेवढं पुढे ढकललं, तेवढं कुठल्याच व्याकरणाने ढकललं नाही. त्यांना ण शिकवायचा प्रयत्न मीही करून पाहिला. “राहू दे वं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं संत्री पिकते, ण नाही पिकत.”

मी कॉलेजात गेले त्या सुमारास काका निवृत्त झाले आणि दोघांनी गावी, संत्र्याच्या बागेकडे परतायचं ठरवलं. काकूंना भांड्यांची काळजी नव्हती, पेट्यांची होती. “गावात हे कोन वाचते? बंद पेटीत पुस्तक मरते,” त्या म्हणाल्या. आमच्या गल्लीत नवं वाचनालय निघत होतं. पुस्तकं तिथे ठेवावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. समितीचे अध्यक्ष बाबा होते.

रविवारी सकाळी आमच्याच बैठकीत समिती बसली. काकू इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या. मी चहा देत होते. बाबांना कोणाला दुखवायचं नव्हतं. ते त्यांच्या वर्गातल्या आवाजात, समजावून सांगितल्यासारखं बोलले.

“तुमची भावना मला कळते. पण वाचनालय म्हणजे संस्कार. खून-दरोडे वाचून कोणाची भाषा सुधारल्याचं मी ऐकलेलं नाही. आमचीच मुलगी बघा. सगळी शाळा इंग्रजीत, आणि परवा कॉलेजच्या निबंधस्पर्धेत मराठीत पहिली आली. कशामुळे? घरात चांगली पुस्तकं होती.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मला मराठी कोणी शिकवलं, हे एक वाक्य काकूंनी तेव्हा बोलायचं होतं आणि पेट्या वाचनालयात गेल्या असत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर सावरत त्या उठल्या आणि खरोखरच अभिमानाने म्हणाल्या, “पोरगी हुशार हाये, साहेब. मोठी होईन ती.”

माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या दोन्ही पेट्या सोडून दिल्या होत्या.

मी ट्रे टेबलावर ठेवला. कपबशा वाजल्या.

“बाबा,” मी म्हणाले, “तुम्ही दिलेलं एकही पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. मला मराठी वाचायला काकूंनी शिकवलं, ह्याच पुस्तकांवर. मी पेट्या आणायला वर जातेय. जड आहेत. दुसरी कडी धरायला तुम्ही चला.”