हसनचाचांची गोधडी

मे महिन्यात रत्नागिरीत सकाळी दहालाच कपडे अंगाला चिकटतात. अशा दिवसांत समोरच्या माणसाच्या हातात जाड गोधडी देऊन "पांघरा" म्हणणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशीब माझं, तोच माझा वरिष्ठ निघाला. आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर पेट स्कॅनचा विभाग आहे. कर्करोग अंगात कुठे आहे आणि उपचारांनी हटतोय की नाही, हे त्या स्कॅनमध्ये दिसतं. हसनचाचा तिथले मुख्य तंत्रज्ञ. मी त्यांच्या हाताखाली.

अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत वाढलेली मी, पदवीला पहिल्या वर्गात पास झालेली, म्हणजे शिंगं फुटलेलीच. पहिल्याच दिवशी म्हटलं, "चाचा, अहो, पेशंट उकडून मरेल!"

"मरत नाय," चाचा शांतपणे म्हणाले. "माणूस गारठला की अंगातली एक चरबी जागी होते, ऊब द्यायला. मानेत असते, खांद्यात असते. आपलं औषध म्हणजे साखरच. जिथे काम जोरात, तिथे साखर धावते. कॅन्सरकडे धावते, तशी या चरबीकडे पण. मग फोटोत दोन्ही सारखीच चमकतात. ओळखशील कशी?"

पहिल्या वर्गाचं काय झालं, विचारू नका.

त्या साखरेला किरणोत्सर्ग जोडलेला असतो. शिशाच्या डब्यातून ती सकाळी गाडीने येते आणि दोन तासांच्या आत तिचा जोर निम्मा होतो. चाचा मूळचे नाटे या मच्छीमारी गावचे, त्यामुळे घाटात गाडी अडकली की म्हणायचे, "ही मासळी हाय गो, उशीर झाला की गेली!" पण घाई असली तरी प्रत्येक पेशंटला ते स्वतः काट्यावर उभं करायचे. मी फायलीत बघून वजन सांगितलं, तर हात झटकायचे. "फायलीतलं वजन मागच्या महिन्याचं. माणूस आजचा हाय. आजारी माणूस रोज उतरतो."

त्या वजनावरून ते डोस ठरवायचे, तोही अंगात किरण कमी जावेत म्हणून जेमतेम पुरेल एवढाच. मग फोटो नीट यावा म्हणून पेशंटला मशीनमध्ये जास्त वेळ ठेवायचे. मला धीर कुठला! एकदा म्हटलं, "डोस जरा वाढवला तर फोटो लख्ख येईल, वेळही वाचेल."

"चुलीत लाकडं कोंबलीस म्हणून भात लवकर शिजत नाय, खालून करपतो. मंद जाळावर ठेव आणि बस गप."

मॅनेजरसाहेबांनाही त्यांनी हाच भात वाढला होता. दिवसाला दोन पेशंट जास्त घ्या म्हणून साहेब मागे लागले होते, ते तेव्हापासून तळमजल्यावर यायचे बंद झाले. कुवेतमध्ये वीस वर्षं हेच काम करून चाचा परतले होते. का परतलात विचारलं, तर म्हणायचे, "तिथे आंबा पेटीतला. झाडाखालचा खायची आठवण झाली."

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. चाचा भाचीच्या लग्नाला नाट्याला गेले होते. विभाग माझ्या हाती. राजापूरकडून श्रद्धा नावाची मुलगी आईबरोबर आली. बावीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी. मानेत डावीकडे गाठ झाली होती, केमोचे दोन डोस झाले होते. ते लागू पडताहेत का, हे त्या स्कॅनवरून ठरणार होतं. पडत नसतील तर आणखी जहाल औषध, मुंबईच्या खेपा, सगळंच वाढणार होतं. एसटीत उभ्याने आलेली ती पोर घामाने चिंब झाली होती.

"ताई, एसी वाढवा ना. आणि ती गोधडी नको हो, जीव जाईल माझा."

मला दया आली. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी गारवा देतात, मग नाव विचारतात. मी एसी अठरावर केला, इंजेक्शन दिलं आणि पातळ गाऊनमध्ये तिला तासभर निजवलं. ती आनंदात झोपली. मलाही पुण्य केल्यासारखं वाटलं.

स्कॅन बघायला बसले. मानेच्या दोन्ही बाजू दिव्यासारख्या पेटलेल्या!

स्कॅन वाचणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमनी चित्र मोठं करून बघितलं. "बरंचसं चरबीचंच असावं. पण डावीकडे जुनी गाठ होती तिथेही चमकतंय. छातीठोकपणे मी नाही सांगू शकत."

दुसऱ्या दिवशी चाचा आले. एरवी बूट चुकीचा ठेवला तरी बोलणारा हा माणूस. मी बोलणी खायच्या तयारीतच उभी होते. त्यांनी स्कॅन बघितला आणि फक्त विचारलं, "एसी कितीवर होता?"

"अठरावर."

"चूक आपली आणि भोग तिचा," ते म्हणाले. "परत इंजेक्शन, परत किरण. जा, तिला सांगून ये."

"मशीनमध्ये बिघाड झाला, असं सांगू का?"

"मशीन बिचारं बोलत नाय, म्हणून त्याच्यावर ढकलतेस?"

मी गेले. माय-लेकी नातेवाइकांकडे थांबल्या होत्या. झालं ते सांगितलं. श्रद्धाच्या आईने विचारलं, "म्हणजे गाठ हाय की नाय?"

"माहीत नाही, काकू. चूक माझी आहे." बोलताना मला रडू आलं आणि त्या बाईनेच मला पाणी आणून दिलं. त्या पेल्याची लाज अजून वाटते.

मॅडम आणि चाचा दोघांनी बसून ठरवलं. सगळं अंग पुन्हा घ्यायचं नाही, फक्त मान आणि छाती. डोस निम्मा, मशीनमध्ये वेळ दुपटीहून जास्त. याच स्कॅनसोबत निघणारा एक्स-रे अगदी कमी ताकदीवर, कारण बारीक तपशील आदल्या स्कॅनमध्ये होतेच. तिसऱ्या दिवशी श्रद्धा आली. इंजेक्शनच्या आधीपासूनच चाचांनी तिच्या अंगावर गोधडी घातली.

"बेटा, आज जरा घाम काढ. आणि आत गेलीस की हलू नको. तू जितकी गप पडशील, तितका कमी डोस मला पुरेल."

ती पोर खरंच दगडासारखी पडून राहिली. आम्ही काचेमागे बसलो होतो. पडद्यावर हळूहळू मान उमटली आणि ती काळोखी होती. उजवीकडे काही नाही, डावीकडे काही नाही. मॅडम म्हणाल्या, "औषध लागू पडतंय."

चाचा पडद्यात नाक घालून म्हणाले, "डोस कमी होता, फोटो दाणेदार झालाय काय?"

"नाही चाचा, छान आलाय," मॅडम हसल्या. तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले. "अल्हमदुलिल्ला," म्हणाले आणि मला चहा सांगायला पाठवलं. त्या चहासारखा चहा मी पुन्हा प्यायले नाही.

गेल्या वर्षी चाचा निवृत्त होऊन नाट्याला गेले. चाचींनी जुन्या लुंग्यांच्या शिवलेल्या चार गोधड्या खुंटीवर तशाच ठेवून गेले. या मे महिन्यात श्रद्धा तपासणीला आली होती. मी बोलायच्या आत तिने खुंटीवरची गोधडी ओढली. शेजारचे एक आजोबा उकाड्यावरून माझ्याशी भांडत होते, त्यांना म्हणाली, "पांघरा हो आजोबा. इथे घाम काढला तर परत यावं लागत नाय."

तिचा स्कॅन स्वच्छ आला. मी लगेच नाट्याला फोन लावला.

"चाचा, श्रद्धा पूर्ण बरी आहे. कुठे काही नाही!"

पलीकडे समुद्राचा वारा घोंघावत होता. त्यातूनच चाचांनी विचारलं, "एसी कितीवर होता?"

"सव्वीसवर."

"आणि तू?"

"घामाने निथळतेय, चाचा."

"मग बरोबर हाय," चाचा म्हणाले.