श्रीगोंदा, सुपा, राहाता आणि हारुका

आमच्या बास्केटबॉल टीमचं एक आहे. प्रॅक्टिसला सगळ्याजणी कधी जमत नाहीत, पण किस्से सांगायला एकही गैरहजर नसते! एकीनं सुरुवात केली की दुसरी म्हणते, "थांब गं, ते राहिलंच की," आणि पहिलीचा चहा गार होतो. हे किस्से कुणी मुद्दाम जपत नाही. खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांसारखे ते आपोआप साचत जातात. एक ओढायला जावं तर चार खाली पडतात.

त्यातला अर्धा ढीग एकट्या हारुकाचा आहे.

हारुका जपानची. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशिन बसवायला इंजिनियर म्हणून आली होती, राहायला नगरला. एका संध्याकाळी आमच्या कोर्टच्या कडेला उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "कम, कम!" ती आत आली, माझ्या हातातला बॉल कधी घेऊन गेली ते मला बॉल जाळीतून पडल्यावर कळलं! आमच्या कोच गायकवाड मॅडम, म्हणजे मिशनच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवून रिटायर झालेल्या बाई, त्यांनी तिचं नाव विचारायच्या आधी जर्सीचं माप विचारलं.

आणि मी सुजाता. शाळेत गणित शिकवते, दोन मुलांची आई आहे आणि टीमची कॅप्टन आहे. कॅप्टन म्हणजे काय, तर सगळ्यांच्या घरी फोन करून परवानग्या काढणारी!

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत आमचे सगळे सामने बाहेर लागले. शनिवारी सकाळी श्रीगोंदा, संध्याकाळी सुपा, आणि दोन्ही जिंकलो तर रविवारी राहात्याला फायनल. कप आमच्याकडे कधीच आला नव्हता. हारुका पुढच्या आठवड्यात जपानला परत जाणार होती. त्यामुळे जे काय व्हायचं ते त्या दोन दिवसांतच होणार होतं.

* * *

श्रीगोंद्याला मॅच साखर कारखान्याच्या कॉलनीत होती. आमच्यात परदेशी खेळाडू आहे हे मॅडमनी आधीच कळवलं होतं. संयोजकांनी हौसेनं फ्लेक्स लावला, "परदेशी खेळाडूचे हार्दिक स्वागत". खाली नेटवरून उचललेला कुणातरी सोनेरी केसांच्या बाईचा फोटो!

आम्ही भाड्याच्या क्रूझर जीपमधून उतरलो. आमची सविता तिथंच भेटली, ती आदल्या दिवशी गावी गेली होती. सविता आमची सेंटर. अंगापिंडानं अशी, की दारातून येताना वाकून येते.

संयोजक हार घेऊन धावत आले, टाचा उंच करून तो सविताच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "वेलकम टु श्रीगोंदा, मॅडम! हाऊ वॉज द फ्लाइट?"

सविता म्हणाली, "फ्लाइट कसलं दादा, यष्टीनं आले. मी हितल्याच पारगावची हाय!"

संयोजकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण खरी गंमत पुढे आहे. हारुका सविताच्या खांद्याएवढीसुद्धा नाही. ती मागे आमच्या पिशव्या सांभाळत उभी होती. फोटोग्राफर तिला म्हणाला, "बाळ, जरा बाजूला हो. परदेशी पाहुण्यांचा फोटो काढायचाय!"

* * *

मॅचआधी नाश्ता. कॉलनीतल्या एका काकूंनी थालीपीठं लावली होती, वर लोण्याचा गोळा.

हारुकाच्या घरची शिकवण अशी, की ताटात काही उरवायचं नाही. काकूंच्या घरची शिकवण अशी, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. आता काय होणार? हारुकानं संपवलं की काकू वाढणार, काकूंनी वाढलं की हारुका संपवणार. दोघी एकमेकींकडे बघून हसतायत आणि दोघींना घाम फुटलाय!

शेवटी सविता कानात म्हणाली, "हात आडवा धर, हात!" हारुकाला ते पटलं. ती कोर्टवर डिफेन्सला उभी राहते तशी दोन्ही हात पसरून ताटावर वाकली. काकूंनी उजवीकडून थालीपीठ आणल्यासारखं केलं, हारुका तिकडे झुकली, आणि काकूंनी डावीकडून ताटात टाकलं!

मॅडम चहाचा कप खाली ठेवून मला म्हणाल्या, "सुजाता, ह्या बाईंची आपल्या टीममध्ये एंट्री अजून करता येते का बघ."

* * *

मॅच सुरू झाली. शेजारच्या रस्त्यानं कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर चाललेले, प्रत्येकाच्या टपावर मोठमोठ्यानं गाणी. सविताला पास अडवायचा होता, पण तिचा हात लागला की बॉल अडत नाही, गावाला जातो! बॉल उडाला, कुंपणावरून गेला आणि थेट एका ट्रॉलीतल्या उसावर जाऊन बसला. ड्रायव्हरला गाण्यापुढं काही ऐकू येईना.

दुसरा बॉल? आमचे सगळे क्रूझरमध्ये, आणि क्रूझर घेऊन आमचे ड्रायव्हर बबनभाऊ डिझेल भरायला गेलेले. संयोजकांकडे एक होता, तो फुसका. आम्ही हळहळतोय तोवर हारुका गेटमधून बाहेर! पोटात ती सगळी थालीपीठं, आणि ही ट्रॅक्टरमागं सुसाट. तिच्यामागं मी.

वजनकाट्यावर ट्रॅक्टर थांबला. हारुका चाकावरून चढून वर गेली आणि बॉल काखेत मारून उसावर बसली. खाली काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं काढलं, तिच्याकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, हे वाढीव वजन कुनाच्या नावावर टाकू?"

"नाव" एवढंच तिला कळलं. तिनं वरून वाकून सांगितलं, "हारुका!"

तो म्हणाला, "बरं. ऊस कुठल्या गटातला?"

ती मॅच आम्ही आरामात जिंकलो. ट्रॅक्टरवाला शेवटपर्यंत थांबला होता, गाणी बंद करून!

* * *

हारुकाचं मराठी हा वेगळाच विषय. ती शिकली कंपनीत, क्रेननं अवजड मशिन खाली घेताना. त्यामुळे तिला "नमस्कार" म्हणताना अडखळायला व्हायचं, पण "हळू घे रे, टेकलं" हे मात्र अस्सल सुपा! सविताला इंग्रजी येत नाही, मग दोघींचं कोर्टवरचं सगळं बोलणं ह्याच भाषेत.

संध्याकाळी सुप्याला हेच चाललं होतं. सविता जाळीखाली बॉल घेऊन पाठमोरी उभी. मागून हारुका ओरडतेय, "डावीकडं… अजून डावीकडं… हळू… हळू… बास! सोड!" सविता न बघता सोडायची, आणि बॉल आत!

असं बऱ्याचदा झाल्यावर समोरच्या टीमची कॅप्टन कमरेवर हात ठेवून रेफ्रींकडे गेली. "सर, ह्या खेळतायत का मशिन बसवतायत?"

रेफ्रींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बसतंय ना पण!"

त्या मॅचला हारुकाच्या कंपनीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर तशीच आली होती. ही बाई कंपनीत कडक. हेल्मेट नाही घातलं तर गेटच्या आत घ्यायची नाही. आता तीच बाई बॉलसाठी सिमेंटवर सपशेल आडवी पडली, गुडघा सोलवटला. आणि मागून पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली, "मॅडम, सेफ्टी फर्स्ट!"

ती तशीच पडल्या पडल्या हसायला लागली. उठवायला आम्हाला दोघींना जावं लागलं. तीही मॅच कशीबशी जिंकलो.

* * *

रविवारी सकाळी मी तिला घ्यायला गेले, तर ती जिना उलटी उतरत होती. पुढून उतरायला मांड्या तयार नव्हत्या! माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. मॅडम पहाटेची प्रार्थना उरकून आल्या होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी मागितलंय. आता उरलेलं तुम्ही बघा."

कोल्हार ओलांडलं आणि क्रूझरचा क्लच गेला. बबनभाऊ गाडीखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "मॅडम, गाडीचं वय झालंय."

मॅडम म्हणाल्या, "माझंही झालंय. मी थांबलेय का?"

शेवटी राहात्याला निघालेला पेरूचा टेम्पो थांबवला. मॅडम पुढे केबिनमध्ये, आम्ही मागे क्रेटच्या मधून दांडा धरून उभ्या, सगळ्या एकसारख्या पिवळ्या जर्सीत. राहात्यात शिरलो तर बाजारपेठेतली माणसं थांबून बघायला लागली. हारुकाला वाटलं, आपलं स्वागतच चाललंय. ती दोन्ही बाजूंना कमरेत वाकून नमस्कार करायला लागली. मग काय, लोकांनीही हात जोडले!

एका पारावरचे आजोबा उठून टेम्पोजवळ आले. "चिन्ह काय तुमचं?"

सवितानं बॉल डोक्यावर धरला. "चेंडू!"

"बरं, बरं. पन निवडून आल्यावर परत तोंड दाखवा म्हंजे झालं!"

* * *

आता फायनल, राहात्याच्याच टीमशी. इथे माझ्या सासूबाई येतात.

सासूबाईंचं माहेर राहात्याचं. भावाकडे आल्या होत्या, मॅडमनी आग्रहानं त्यांना आमच्या बेंचच्या कडेला खुर्ची दिली. खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. घरी मला म्हणायच्या, "दोन पोरं झाली, आता बास कर की उड्या मारनं." ते मनाला लागायचं. त्या समोर बसल्या म्हणताना माझे सुरुवातीचे शॉट रिंगला शिवलेसुद्धा नाहीत!

तरी आम्ही रेटलं. शेवटच्या मिनिटात दोन्हीकडे सारखे गुण. मॅडम उभ्या. आणि तेवढ्यात हारुकाच्या पोटरीत गोळा आला. ती आमच्या जाळीखाली कोसळली. बॉल राहात्याच्या कॅप्टनकडे, ती त्याच बाजूला सुसाट निघालेली, समोर कुणी नाही.

कुणी नाही कसं? सासूबाई निघाल्या होत्या! पदर खोचून, हातात पाण्याची बाटली घेऊन, भर कोर्टातून. त्या धावत्या पोरीला हात दाखवून म्हणाल्या, "थांब गं जरा, पोरगी पडलीय."

आणि ती थांबली!

रेफ्रींची शिट्टी. "आजी, बाहेर व्हा, टेक्निकल फाउल द्यावा लागेल."

"दे काय द्यायचं ते. शिट्ट्या काय मारतो, तिच्या पायाचा अंगठा धर आधी!"

रेफ्रींनी शिट्टी सोडली, गुडघ्यावर बसून हारुकाचा अंगठा धरला, पोटरी सुटेपर्यंत पाय ताणला. मग उठले, कपडे झटकले आणि टेक्निकल फाउल दिला.

राहात्याच्या कॅप्टननं त्याबद्दल मिळालेला फ्री थ्रो टाकला. आत. उरलेल्या सेकंदांत आम्हाला काही जमलं नाही आणि आम्ही एका गुणानं हरलो.

मी खाली मान घालून बसले होते. सासूबाई जवळ आल्या. "माझ्यापायी गेलं का गं?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते मी करायला हवं होतं, आजी. मी गुणांच्या आकड्याकडं बघत बसले."

पण सासूबाईंचं समाधान होईना. त्या सरळ राहात्याच्या पोरींकडे गेल्या. "बायांनो, तेवढा एक गुन परत देऊन टाका. चूक माझी हुती, ह्या पोरींची न्हाई."

त्यांची कॅप्टन पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही आमच्या गावच्या लेक ना? मग गुण घरातच राहिला की!"

तेव्हा मला हसू आलं. इतकं, की पोटातही गोळा आला. सासूबाईंनी माझ्याही अंगठ्याला हात घातला!

* * *

बक्षीस समारंभ. मैदानात गर्दी, स्टेजवर खुर्च्या, पहिल्या रांगेत दोन्ही टीम, आमच्या कडेला सासूबाई. प्रमुख पाहुणे तिथले ज्येष्ठ पुढारी. त्यांच्या भाषणाला सुरुवात असते, शेवट कुणी पाहिलेला नाही, असं शेजारची पोरगी मला सांगत होती.

निवेदक सरांनी पुकारलं, "आता आपल्या परदेशी खेळाडू दोन शब्द बोलतील!"

कुणी उठेना. मी बघितलं, तर हारुका खुर्चीत ताठ बसून गाढ झोपलेली. हात मांडीवर, पाठ सरळ, सोललेल्या गुडघ्यावर पट्टी आणि तोंड थोडंसं उघडं.

मी तिला हलवायला गेले. मॅडमनी माझा हात धरला. निवेदक सर जवळ आले, वाकून तिच्याकडे बघितलं, परत गेले आणि माइकमध्ये अगदी कुजबुजत म्हणाले, "पाहुणी झोपली आहे. टाळ्या हळू वाजवाव्यात."

आणि सगळ्या मैदानानं तळहातावर दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. पोरं, म्हातारी माणसं, बॅंडवाले, राहात्याच्या खेळाडू, सगळे. पानांवर भुरभुर पाऊस पडावा तेवढाच आवाज. पुढारी भाषणाला उठले, माइक बाजूला सारला, "छान खेळलात गं पोरींनो," एवढंच हळूच म्हणाले आणि चपला न वाजवता खाली बसले.

त्या शांततेनंच बहुतेक हारुकाला जाग आली. डोळे उघडले तर सगळं मैदान आपल्याकडे बघतंय, कुणी काही बोलत नाही. आमच्या खेळात शिट्टी वाजली आणि फाउल आपला असला, की आपण होऊन हात वर करायचा असतो. तिला वाटलं, फाउल आपलाच. ती ताडकन उभी राहिली आणि तिनं उजवा हात सरळ वर केला.

मग पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या आणि त्यांनी हात वर केला. मग राहात्याच्या कॅप्टननं. मग निवेदक सरांनी, पुढाऱ्यांनी, ढोलाची काठी हातात तशीच धरून बॅंडवाल्यानं. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्या राहात्यानं हात वर केला.